झिजते ती नळी नव्हे, नळीचं मागचं टोक

प्रश्न: मी ॲरिझोनात, ट्युसनला राहतो. दोन वर्षांपूर्वी स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ रिव्हॉल्व्हर सेकंडहँड घेतलं, .३५७ मॅग्नम काडतुसाचं, चार इंची नळी. काडतुसं घरीच भरतो. बंदुकीची दारू एच-११० आणि गोळी १२५ ग्रेनची, जॅकेटवाली, म्हणजे तांब्याच्या आवरणाची. रेंजवरचे एक आजोबा म्हणाले, "ही दारू नळी खाते, टाइटग्रुप दारू वापर." खरं का? नळी किती काडतुसं काढेल?

उत्तर: आजोबांचं निम्मं बरोबर आहे. सगळं खापर दारूवर फोडून ते मोकळे झाले, एवढंच.

नळीचं आयुष्य विचारलंत म्हणून आधी ते. रिव्हॉल्व्हरच्या नळीतल्या पिळाच्या खाचा सहजासहजी झिजत नाहीत. ओहायोत टूलरूममध्ये माझी हयात गेली. मित्रांची रिव्हॉल्व्हरं तपासायला यायची, त्यांतल्या ज्या नळ्या बाद वाटल्या त्या बहुतेक सफाईनं बाद झालेल्या. रिव्हॉल्व्हरची नळी मागून साफ करता येत नाही. लोक पुढून गज खुपसतात, तो कडेला घासतो आणि नळीच्या तोंडाची धार जाते. पितळेची छोटी टोपी मिळते, तोंडावर बसवायची, मग गज मधोमध राहतो. ती घ्या.

खरी झीज दुसरीकडे होते. गोळी सिलिंडरमधून, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागातून, सुटते आणि मधली फट ओलांडून नळीत शिरते. तिथे नळीच्या मागच्या टोकाला नरसाळ्यासारखा उतार असतो, तो फोर्सिंग कोन. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, सिलिंडर उघडा, पुन्हा एकदा बघा, आणि कोनाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरून वरून टॉर्च मारा. गुळगुळीत दिसला तर उत्तम. टाचेला भेगा पडतात तशी बारीक जाळी दिसली तर समजा, जाळ लागायला लागलाय.

जाळ का लागतो? १२५ ग्रेनची गोळी आखूड. (ग्रेन म्हणजे दारूचा दाणा नव्हे, वजन. आपली सोनाराची गुंज जेमतेम दोन ग्रेनची.) ती केसमधून, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून, लवकर सुटते आणि वेगानं जाते. तिच्या मागून गरम वायू नि अर्धवट जळलेले दाणे कोनावर वाळूच्या फवाऱ्यासारखे आदळतात. १५८ ग्रेनची गोळी लांब असते, ती बुचासारखी जास्त वेळ वाट अडवते. आता दारूचं. बुल्सआयसारख्या झटपट दारूत नायट्रोग्लिसरीन भरपूर, जाळ जास्त तापतो, पण लागते चिमूटभर. एच-११० सावकाश जळते आणि केस जवळजवळ भरून लागते. जाळ किती तापलाय यापेक्षा तो किती आहे, हे कोनाला जास्त भोवतं. म्हणजे हलकी गोळी आणि ढीगभर सावकाश दारू, ही जोडी वाईट. तुम्ही नेमकी तीच धरलीत.

तुमच्या मॉडेलला ती आणखी बाधते. १९५५ साली आलेल्या या मॉडेलच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत, मधल्या आकाराच्या फ्रेममध्ये, म्हणजे सांगाड्यात, सिलिंडर बंद व्हायला जागा हवी म्हणून कोनाचा तळ तासून सपाट केलेला असतो. तिथे पोलाद पातळ, आणि तडा जातो तो तिथेच. १९८०च्या सुमारास कंपनीनं थोडी मोठी एल-फ्रेम काढली, त्यामागे हे एक कारण होतं. हे रिव्हॉल्व्हर बनवायला लावणारे बिल जॉर्डन स्वतः सांगत, सराव त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये बसणाऱ्या सौम्य .३८ स्पेशल काडतुसानं करा, मॅग्नम कामापुरतं ठेवा. .३८ स्पेशलचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड, .३५७चा ३५,०००. फरक सरळ दुपटीचा.

मग "एच-११०च जरा कमी घालतो" असा विचार आला असेल तर लगेच सोडा. ही दारू कमी घातली की नीट पेटत नाही, गोळी नळीत अडकू शकते. काडतुसं भरायच्या मापांचं पुस्तक मिळतं, त्यात दिलेल्या मापाखाली जायचं नाही. टाइटग्रुपची खोड उलटी. ती इतकी थोडी लागते की .३५७च्या केसमध्ये चुकून दुप्पट पडली तरी कळत नाही. मला मधली, फुगीर दारू आवडते, उदाहरणार्थ युनिक. १९०० सालापासून बाजारात आहे. सोबत १५८ ग्रेनची शिशाची गोळी, आणि माप गोळी-दारूच्या त्याच जोडीसाठी पुस्तकात दिलेलं, खालच्या टोकापासून सुरू करून. आपली सोनाराची गुंज जेमतेम दोन ग्रेनची.

एकदा भरता भरता सांगलीहून बहिणीचा फोन आला. परत येऊन भरायच्या यंत्राचं हँडल मारायला लागलो, कुठवर आलो होतो ते आठवेना. टॉर्च मारून पाहिलं तर पन्नासातल्या एका केसमध्ये पातळी वर दिसली. पन्नासही ओतली. तेव्हापासून भरताना फोन दुसऱ्या खोलीत.

प्रश्न: बाबांकडे साताऱ्याला परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. यंदा जाताना त्यांच्यासाठी भरायचं सामान नेऊ का?

उत्तर: नका नेऊ. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तिथे काडतूस बनवायलाच वेगळा परवाना लागतो; बाळगायच्या परवान्यात ते बसत नाही. बाबांना परवान्यावर जेवढी मिळतात तेवढीच. आणि रेंजवर नेता ती बॅग प्रवासाला घेऊ नका. अस्तराच्या शिवणीत राहिलेलं एकच काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तरी गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि ते चुकून राहिलं हे पटवायला हायकोर्टापर्यंत गेलेले लोक आहेत. सुट्टी दोन आठवड्यांची असते.