लंडनच्या ऑक्शनमधून समीक्षकांनी १०० पॉइंट दिलेली सिरा (एक रेड वाइन) मुंबईत आणू का?

घ्या, पण पॉइंट बघून नाही, बाटली बघून घ्या. वाइन इम्पोर्टच्या कामात आहे म्हणून सांगतो, पॉइंट बहुतेकदा वाइन तरुण असताना मिळालेले असतात, पुढची वीस वर्षं ती कुठे ठेवली होती हे त्यात येत नाही. बाटलीच्या मानेचा फोटो मागवा, फ्रान्समधल्या ऱ्होन भागातल्या सिराच्या बाटलीचे खांदे उतरते असतात म्हणून वाइनची लेव्हल कॉर्कपासून सेंटीमीटरमध्ये मोजतात, ५ च्या खाली उतरली असेल किंवा कॉर्क वर आलं असेल तर सरळ सोडून द्या, मग ती १९६१ ची एर्मिताज ला शापेल ही ऱ्होनची नावाजलेली वाइन का असेना! बोलीवर ऑक्शन हाऊसचं प्रीमियम, म्हणजे त्यांचं कमिशन, वेगळं लागतं, ते धरूनच लिमिट ठरवा. पण कुरियरने मागवलीत तर बाटलीच्या किमतीहून जास्त ड्युटी बसू शकते, त्यापेक्षा तिकडून येणाऱ्या कुणाबरोबर आणा, ड्युटी-फ्री सामानाच्या किमतीच्या मर्यादेत बसत असेल तर माणशी २ लिटर चालतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या.