छोट्या शेतकऱ्यांसाठी सोलरवर चालणारं कोल्ड स्टोरेज खरंच कामाचं आहे का? माल वाया जायचा थांबतो का?

कामाचं आहे, पण एक गोष्ट आधी सांगतो. जो तो विचारतो "किती टनाचं आहे?" आणि विचारायला हवं ते हे की रोज किती ताजा माल आत घेतला तर त्याला झेपेल. शेतातून आलेला माल स्वतःच गरम असतो ना. 35 डिग्रीचा एक टन भाजीपाला 10 डिग्रीवर आणायचा तर त्यातून साधारण 28 युनिट (वीजबिलातलाच युनिट, उष्णताही त्यातच मोजतोय) उष्णता बाहेर काढावी लागते, त्याला कॉम्प्रेसर 10 ते 14 युनिट वीज खातो, आणि एक किलोवॅटची पॅनल चांगलं ऊन असेल तर दिवसाला 4-5 युनिट देतात, म्हणजे तीनेक किलोवॅट नुसते एका टनात गेले, दाराची उघडझाप, भिंतीतून येणारी गरमी आणि मालाचा स्वतःचा श्वास (तोडल्यावरही भाजी श्वास घेतच असते, त्यातूनही उष्णता निघते) हे सगळं वेगळंच. मग 5 टनाच्या खोलीत एकाच दिवशी 5 टन कोंबले की तापमान खाली यायचं नाव घेत नाही आणि लोक म्हणतात सोलर बोगस. तोच माल पहाटे 22-23 डिग्रीला तोडला तर हे काम जवळपास निम्म्यावर येतं, तेही फुकटात.

रात्रीसाठी मी बॅटरीपेक्षा बर्फाच्या बाजूने आहे. दिवसा ऊन आहे तोवर पाणी गोठवून ठेवायचं, रात्री ते वितळताना खोली थंड राहते. 100 किलो बर्फ 9 युनिटच्या आसपास उष्णता ओढतो, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, बर्फाचं तसं काही नाही.

आता खरी डोकेदुखी. खोली एक, शेतकरी दहा, माल दहा प्रकारचा. पालेभाजीला शून्याच्या जरा वर आणि भरपूर ओलावा लागतो, केळं 13 च्या खाली गेलं की साल काळी पडते, हिरवा टोमॅटो फार थंडीत ठेवला तर नंतर नीट पिकतच नाही. शिवाय पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. म्हणून आधी कुठला माल ठेवायचा ते ठरवा, मग खोली घ्या. उलटं करणारेच जास्त दिसतात.

एकट्या छोट्या शेतकऱ्याने विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. दोन महिने भरलेली आणि दहा महिने रिकामी खोली कुणालाच परवडत नाही. नायजेरियात कोल्डहब्स नावाची कंपनी आहे, ती सोलर खोल्या बाजारात आणि शेतांजवळ उभ्या करते आणि शेतकरी फक्त क्रेटमागे दिवसाचं भाडं देतो, हे मला जास्त पटतं, गटाने मिळूनही जमू शकतं.

आणि दोन-चार दिवसच काढायचे असतील, हवा कोरडी असेल, तर वीजही नको. एका मडक्यात दुसरं मडकं, मधे ओली वाळू. नायजेरियातल्याच मोहम्मद बाह अब्बांना त्यासाठी 2000 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला होता. दमट हवेत मात्र विसरा.

घ्यायचंच ठरलं तर विकणाऱ्याकडून लेखी घ्या: रोज इतके किलो, इतक्या डिग्रीचा माल टाकला तर किती तासांत थंड होईल, आणि सलग दोन दिवस ढग असले तर काय. तिथे तो टाळाटाळ करायला लागला तर दुसरा बघा.