सुनेच्या घराण्याचा शोध

प्रश्न : माझी सून आयरिश आहे. नातवासाठी वंशावळ करतेय, आमच्या बाजूची नाशिकच्या गुरुजींच्या वहीत पटकन सापडली, पण सुनेचे पूर्वज क्वेकर (ख्रिश्चनांतलाच एक पंथ) होते म्हणे आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदच मिळत नाहीये. काय करू?
– एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, ती मिळणारच नाही हो, क्वेकर लोक बाप्तिस्मा करतच नाहीत! पण काळजी नको, कारण नाशिकच्या वहीसारखंच यांचंही आहे, जन्म-लग्न-मृत्यू सगळं आपापल्या मंथली मीटिंगच्या (म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीच्या) वहीत लिहायचे, आणि १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी रेकॉर्ड ऑफिसला आग लागून बाकीच्यांचे ढीगभर कागद जळाले, यांच्या वह्या तिथे नव्हत्याच म्हणून वाचल्या. त्या डब्लिनला रॅथफार्नममध्ये क्वेकरांच्याच फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररीत बघायला मिळतात, आणि बऱ्याचशा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या वेबसाइटवर स्कॅन केलेल्या आहेत, म्हणजे कोथरूडमध्ये बसून काम होईल.

लग्नाचं सर्टिफिकेट मिळालं तर लॉटरीच समजा! हजर असलेले सगळे त्यावर सही करतात, मामा-काका-आत्या एकाच कागदावर. फक्त तारखांना फसू नका, ते महिन्यांची नावं लिहायचे नाहीत, नुसता 'पहिला महिना' लिहायचे, आणि १७५२ च्या आधी तो मार्च असायचा, जानेवारी नाही (आपला चैत्र आठवा). आणि एखादी मुलगी वहीतून अचानक गायब झाली तर मीटिंगची मिनिट्स चाळा, बाहेरच्या मुलाशी लग्न केलं म्हणून सरळ पंथातून काढून टाकायचे.