परत येण्यापुरता दम

चि. पोरी,

तुझा मेसेज रात्री अकराला वाचला. 'सर, दहा तास झोपते, तरी उठल्यावर हातपाय गळालेलेच. मी आळशी झाले का?' कॅन्सरची केमो संपून तीन महिने झाले, रिपोर्ट चांगले आले, म्हणून भरतीच्या ८०० मीटरच्या नादात ग्राउंडला दोन राउंड मारलेस आणि चार दिवस पलंग धरलास. आई म्हणते पडून राहा, भाऊ म्हणतो जोर लाव. दोघांचंही ऐकू नकोस.

दिवसभर कापूस वेचलेलं माणूस रात्री झोपलं की सकाळी ताजं होतं. हा थकवा तसला नाही, तो झोपेनं उतरत नाही. त्याला चालणं लागतं. नेमानं. पण परत येण्यापुरता दम राखून.

हे मला उशिरा कळलं. तुझ्या काकूंच्या कॅन्सरच्या वेळी देवगिरी एक्स्प्रेसनं दादरला उतरलो की मी व्हीलचेअर मागवायचो. ती म्हणायची, 'अहो, चालते की मी.' घरी नळाच्या दिवशी घागर सोड, चहाचं पातेलंसुद्धा उचलू दिलं नाही. गल्लीत माझं कौतुक झालं. सहावी केमो होईस्तोवर तिला बाजेवरून उठायला माझा हात लागायला लागला. त्यात आजाराचा वाटा किती नि माझ्या सेवेचा किती, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. मी पी.टी.चा मास्तर! पण तेव्हा जो तो आरामच करा म्हणायचा. मी तरी काय करणार होतो? असो.

माझ्या आतड्याच्या कॅन्सरच्या वेळी उलटी चूक केली. तिसऱ्या केमोनंतर एक दिवस बरं वाटलं, म्हणून कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं निघालो तो निघालोच. येताना पुलाच्या कठड्यावर बसलो आणि ऑटो बोलवावा लागला. दुसऱ्या दिवसापासून लाईटचे खांब मोजायला लागलो. तीन खांब जायचं, तीन यायचं. पुढच्या आठवड्यात चार. बरं वाटलं तरी चारच! तू नेमकी इथंच चुकतेस. बऱ्या दिवशी सगळा दम उधळतेस. परत येण्यापुरता राख म्हणतोय ना मी?

अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी २०१९ साली या थकव्यासाठी सांगितलेला हिशोब असा: आठवड्यातून तीनदा अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगानं, निदान १२ आठवडे, शिवाय दोनदा ताकदीचा व्यायाम. तुझ्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं पुरे. तिथवर हळूहळू पोच. भाकरीबरोबर डाळ, अंडं, शेंगदाणे पोटात जाऊ दे.

आता रागावून सांगतो. फाइलच्या फोटोत मला डॉक्सोरुबिसिन आणि ब्लिओमायसिन ही केमोची औषधं दिसली. पहिलं औषध हृदयाला त्रास देऊ शकतं, दुसरं फुफ्फुसाला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुफ्फुसांच्या तपासणीचं त्यांच्याशी बोलल्याशिवाय पळायचं नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचंही विचार. ते कमी असलं तर नुसत्या चालण्यानं भागत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, ताप आला तर बूट काढ आणि दवाखाना गाठ.

परभणीचं ऊन तुला माहीत आहे. रविवारी सकाळी सहाला विद्यापीठाच्या गेटवर ये. तीन खांब. आईलाही आण, तिला माझ्याशी भांडायचंच असेल.

तुझा,
सर