व्यसन, अभ्यास आणि अ‍ॅमी वाइनहाउस

प्रश्न : ‘अ‍ॅमी’ या, ब्रिटिश गायिका अ‍ॅमी वाइनहाउसवरच्या माहितीपटाबद्दलच्या मजकुरात ‘व्यसनाधीनतेच्या आहारी गेलेली गायिका’ असं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि ‘व्यसन’ म्हणजे नेमकं काय?

साफ चूक आहे. ‘अधीन’ म्हटलं की ताबा सुटल्याचं सांगून झालं, वर पुन्हा ‘आहारी’ कशाला? माणूस दारूच्या आहारी जातो किंवा व्यसनाधीन होतो. बातम्यांत, भाषणांत ही जोडगोळी ऐकून कान किटले आहेत.

खरी गंमत ‘व्यसन’मध्ये आहे. वि + अस्. हा ‘अस्’ म्हणजे असणे नव्हे, फेकणे. ‘अस्त्र’ त्यातूनच आलं. कौटिल्य अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात फोड करूनच देतो : ‘व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्’. माणसाला त्याच्या भल्यापासून लांब भिरकावतं ते व्यसन. काही वक्ते ‘वि + अशन’, म्हणजे वाईट खाणंपिणं, असं ठोकून देतात. ज्यांना श आणि स यांतला फरक कळत नाही त्यांनी व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.

आता याच धातूला ‘अभि’ लावा : अभ्यास! एकाच रोखानं पुन्हा पुन्हा फेकत राहणं. गवयाचा रियाज तो हाच. माझ्या मते असिफ कपाडियाचा 2015 सालचा तो माहितीपट या दोन उपसर्गांच्या ओढाताणीचा आहे. मार्च 2011, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ. अ‍ॅमी वाइनहाउस आपल्या दैवताबरोबर, अमेरिकन गायक टोनी बेनेटबरोबर गाते आहे. मध्येच थांबते, स्वतःवर चिडते, पुन्हा सुरू करते. म्हातारा बेनेट तिला धीर देतो. हा अभ्यास. जुलैत ती गेली, अवघी 27 वर्षांची. रक्तात दर 100 मिलिलिटरमागे 416 मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. तिथे गाडी चालवणाऱ्याला 80 ची मर्यादा आहे.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या दहा कामज, म्हणजे वासनेतून उपजणाऱ्या, व्यसनांची यादी आहे. तीत ‘मद’, म्हणजे दारूची नशा, येतो आणि त्याला लागून ‘तौर्यत्रिक’, म्हणजे गाणं, वाजवणं, नाचणं. गाण्याला दारूच्या पंगतीला बसवणं मला मुळीच मान्य नाही. त्या स्टुडिओत अ‍ॅमी थाऱ्यावर येताना दिसते ती गाण्यामुळेच.

‘वाचनाचं व्यसन म्हणू नका, व्यासंग म्हणा’ असा दंडक घालणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. व्यासंगाचा धातूच वेगळा : सञ्ज्, चिकटणे. आणि महात्म्यांचे स्वभावगुण सांगताना भर्तृहरी ‘व्यसनं श्रुतौ’, म्हणजे विद्येचं व्यसन, असंच म्हणतो. तिथे फेकणं आहे ते स्वतःलाच. मराठीत आपण ‘झोकून देणं’ म्हणतो ना, अगदी तेच. तेव्हा गाण्याचं व्यसन, वाचनाचं व्यसन खुशाल म्हणा.