हेल्प उघडणारा माणूस अडलेला असतो

तुमची तक्रार अशी, की पायथनमधल्या तुमच्या कमांड-लाइन कॉपी टूलच्या '--हेल्प'मध्ये 34 पर्याय नीट समजावलेत, तरी सहकारी तुम्हालाच येऊन विचारतात. मजकूर वाचला. चुकीचं काही नाही, पण ती पर्यायांची यादी झाली. हेल्प उघडणारा हातातलं काम मध्येच सोडून आलेला असतो. '-क्यू' म्हणजे काय यात त्याला रस नाही. फोटोंचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कसं न्यायचं, एवढंच त्याला हवंय.

म्हणून दोन-तीन उदाहरणं वर आणा, तशीच उचलून चालवता येतील अशी. 'फाइल1', 'फाइल2' अशी नावं नकोत. 'फोटो' आणि 'बॅकअप' म्हटलं की कुठून कुठे ते आपोआप कळतं. आर्गपार्समध्ये (कमांडचे पर्याय वाचून हेल्प बनवणारं पायथनचं मॉड्यूल) लोक उदाहरणं 'एपिलॉग'मध्ये टाकतात आणि ती तळाशी जातात. 'डिस्क्रिप्शन'मध्ये टाका, ते पर्यायांच्या आधी छापलं जातं. मात्र 'रॉडिस्क्रिप्शनहेल्पफॉर्मॅटर' लावा, नाहीतर तुमच्या ओळी मोडून एकच परिच्छेद होतो. पर्याय दिला नाही तर धरल्या जाणाऱ्या डिफॉल्ट किमतीही आर्गपार्स आपणहून दाखवत नाही, त्या लिहाव्या लागतात. आणि वरची वापराची ओळ त्याच्यावर सोडलीत तर तो सगळे 34 पर्याय तिथेच कोंबतो. 'युसेज' स्वतः द्या:

कॉपी [पर्याय] <स्रोत>... <ठिकाण>

चौकटी कंस म्हणजे दिलं नाही तरी चालेल, तीन टिंबं म्हणजे एकाहून जास्त चालतील. टोकदार कंसात आपलं नाव भरायचं असतं, पण नवखा माणूस कंसासकट टाइप करतो आणि शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्याला रीडायरेक्शन, म्हणजे फाइलमधून वाचायची किंवा फाइलमध्ये लिहायची सूचना, समजतं! उदाहरणं हवीत ती यासाठीसुद्धा.

आता एररचं. मीही एकदा हीच चूक केली होती: पर्याय चुकला की अख्खी हेल्प ओतायची. खरी चूक सांगणारी ओळ वर सरकून दिसेनाशी व्हायची आणि लोक म्हणायचे, टूल बंद पडलंय. चुकल्यावर दोनच ओळी पुरतात: काय चुकलं, आणि '--हेल्प' बघा. त्या स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर, जाव्यात, संपताना टूल देतं तो एक्झिट कोड शून्य नसावा (आर्गपार्स 2 देतं). स्वतःहून मागितलेली हेल्प मात्र स्टँडर्ड आउटपुटवर आणि कोड 0, नाहीतर ती ओळी शोधणाऱ्या ग्रेप कमांडला पाइप केली तरी गाळली जात नाही, सगळी स्क्रीनवर सांडते.

'-एच' कशासाठी ठेवायचं यावरून वाद घालू नका. 'डीयू'मध्ये (फाइलींनी किती जागा घेतली ते दाखवणारी कमांड) ते आकार वाचनीय करण्यासाठी आहे, आर्गपार्समध्ये हेल्पसाठी राखलेलं. तुम्ही आकारासाठी वापरायला गेलात तर टूल सुरू होतानाच कॉन्फ्लिक्टची एरर येईल. तुमच्या टूलला आकार दाखवायचेच नाहीत, तेव्हा आहे तसं राहू द्या.

बदल करून झाले की हेल्प 80 कॉलमच्या खिडकीत उघडून बघा आणि नवा मजकूर इथे टाका.