बेळगावात आमच्या वसाहतीत 'फेअर ट्रेड' खरेदीची चळवळ सुरू करायची आहे, लोकांना कसं पटवावं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात तुम्ही राहत होता ते गाव 'फेअरट्रेड टाउन' होतं, शाळेत, चर्चमध्ये, दुकानादुकानात मालावर, बनवणाऱ्याला रास्त दाम दिल्याचा तो शिक्का दिसायचा, आणि आता टिळकवाडीत परत आल्यावर इथंही तसंच काही करायचं मनात आहे. पोस्टर, शाळांत भाषणं, लोकांकडून शपथ, रविवारी स्टॉल. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'लोकांना कसं पटवावं' हे वाचून डोकं फिरलं, म्हणून रात्रीचा स्वयंपाक सुनेवर टाकून लिहायला बसले.

लोकांना पटलेलंच आहे हो. गणपत गल्लीत कुणालाही थांबवून विचारा, कारागिराला योग्य दाम मिळावा का? "मिळायलाच पाहिजे की!" म्हणतील. आणि पुढच्या दुकानाच्या पायरीवर नऊशेची चप्पल सहाशेला मागतील. दोन्ही मनापासून.

काँग्रेस रोडवरून तुमचं रोजचं जाणं-येणं असेल. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं अधिवेशन तिथंच भरलं, आणि चार आणे वर्गणीच्या जागी महिन्याला दोन हजार वार सूत ही सभासदत्वाची अट त्याच अधिवेशनात मंजूर झाली. गांधीजींपेक्षा मोठा प्रचारक तुम्ही आणणार कुठून? तरी वर्षभराच्या आत ती अट सैल करावी लागली. गांधीजींचे सहकारी गंगाधरराव देशपांडे यांच्या हुदली गावात खादीचं काम मात्र अजून चालू आहे, कारण तिथं कातणाऱ्या बाईच्या हातात मजुरी पडते. शपथा घेऊन काय होतं ते या गावानं शंभर वर्षांपूर्वीच बघितलंय.

आता माझं दुखणं सांगते. माझं माहेर निपाणीकडचं, घरची तंबाखूची शेती. व्यापारी आधी माल नेणार, भाव मागून सांगणार आणि पैसे हप्त्याहप्त्यानं देणार, हे आमच्या घरात ऊन-पावसासारखं धरून चाललेलं. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर बैलगाड्या घेऊन बसले तेव्हा वडील त्यात होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. वडील त्यावर फार बोलत नसत. एकच म्हणायचे, भाव कमी मिळाला तर माणूस कसंबसं निभावतो, पण पैसे 'नंतर देतो' म्हटलं की तो त्याच्या दावणीला बांधला गेला.

आणि लग्न होऊन मी आले चपलांच्या व्यापाऱ्याच्या घरात! सासरचं दुकान बेळगावच्या बाजारात, तीन पिढ्यांचं. थोरले दीर ते बघायचे. अथणी तालुक्यातून, मदभावीच्या बाजूनं माल उचलायचा, निम्मा इथं विकायचा, निम्मा गोव्याला पाठवायचा. आपण 'कोल्हापुरी' म्हणतो त्यातला केवढा तरी माल इकडचा आहे. २०१९ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव आहे. (सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात पडून आहे, पण चपलेनं आपला निकाल लावून टाकला.)

एकदा माल आणायला मी जीपमधून त्यांच्याबरोबर गेले. कारागिराच्या घरात तो पुढच्या सोप्यात रापीनं तळ कापत होता, बायको वेणी घालत होती. कातड्याच्या दोऱ्याएवढ्या पट्ट्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, बोटं चाललेली आणि नजर आमच्याकडं. या चपलेला खिळा नसतो. तळ कातड्याच्या वादीनंच शिवतात. पुरुष कापणार, ठोकणार. शिवण, वेणी, भोकं सगळं बायकांकडं. बाईच्या कामाचा वेगळा पैसा कुणी मोजत नाही, जोडीच्या भावात ते फुकट येतं.

भाऊजी उकिडवे बसून एकेक जोडी उलटसुलट करून बघायला लागले. याचा कान वाकडा, याच्या पट्ट्याला डाग, ही छाट, ती छाट. छाटलेल्या जोड्या बाजूला, त्यांना निम्मा भाव. वहीत लिहिलं, मागची उचल वजा केली, हातावर थोडी रक्कम टेकवली. कारागीर काही बोलला नाही. बाईनं चहा आणला, तो भाऊजींनी घेतला नाही, मी घेतला. ते असो. निघताना बघते तर छाटलेल्या जोड्या आणि चांगल्या जोड्या एकाच पोत्यात भरल्या जातायत! गोव्याच्या दुकानात सगळ्यांना एकच किंमत. निपाणीत बिडी वळणाऱ्या बायकांच्या तोंडून 'छाट' हा प्रकार लहानपणापासून ऐकला होता. तोच इथं.

जीपमध्ये मी विचारलं. भाऊजी म्हणाले, "पावसाळ्यात कातडं वाळत नाही, काम बंद पडतं, तेव्हा यांच्या घरात ज्वारी कोण टाकतो? मी. एक पैसा व्याज लावत नाही. आम्ही नसतो तर उपाशी मेली असती ही माणसं." हे वाक्य मी पुढं प्रत्येक सणाला ऐकलंय. व्याज लावत नाहीत हे अगदी खरं. पण ज्यानं उचल घेतली त्याला जोडीमागं साठ-सत्तर रुपये कमी, आणि त्यानं दुसऱ्या कुणाला माल द्यायचा नाही. मग ते व्याज नव्हे तर काय हो? फक्त वहीत त्याचा रकाना नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे इथं आहे. फेअर ट्रेड म्हटलं की सगळे भावाबद्दल बोलतात, शिक्क्याबद्दल बोलतात. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची जी दहा तत्त्वं आहेत त्यात स्पष्ट लिहिलंय की हस्तकलेच्या मालासाठी कारागिरानं मागितल्यास निदान निम्मी रक्कम आगाऊ, बिनव्याजी द्यायची. पोस्टरवर हे कुणी छापत नाही, कारण त्यात आपला खिसा आधी हलका होतो.

आम्ही काय केलं ते सांगते. शहापुरात आमची बायकांची भिशी आहे. एका ज्येष्ठात मी म्हटलं, या महिन्याचा नंबर कुणाचाच काढू नका, ही रक्कम त्या चपला करणाऱ्या घराला आगाऊ देऊ, दसऱ्याला चपला घेऊ. भाव आधीच ठरवला, साडेसातशे. दुकानात तीच जोडी अकराशेच्या खाली नाही, आणि आमच्या दुकानाकडून कारागिराला मिळत होते चारशेच्या आसपास. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर प्रत्येकीनं आपलं पाऊल पेन्सिलीनं रेखून दिलं, कडेला नाव. एकीनं घरातल्या सगळ्यांची पावलं दिली, अगदी सासऱ्यांच्या कुरपासकट. चपला आल्या तेव्हा दोघींना घट्ट झाल्या, तेल लावून वापरल्यावर सैल पडल्या. आणि एका बाईनं, जी देवळात सगळ्यात मोठ्या आवाजात आरती म्हणते, तिनं विचारलंच, "एवढ्या एकदम घेतोय तर पन्नास-पन्नास कमी नाही का करणार?" मी म्हटलं, तू तुझ्या नवऱ्याच्या पगारातले कमी कर. ती अजून भिशीत आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात त्या घरानं भाऊजींकडून उचल घेतली नाही. झालं! "माझी माणसं बिघडवलीस" म्हणून घरात जे महाभारत झालं ते इथं लिहीत नाही.

तेव्हा तुम्ही स्टॉल लावू नका. इंग्लंडातल्या गार्स्टँगनं २००० साली स्वतःला पहिलं फेअरट्रेड टाउन म्हणवून घेतलं, त्यांना शिक्का लागला कारण कॉफी-कोको पिकवणारा माणूस सातासमुद्रापार. आपला कारागीर एका एसटीच्या अंतरावर आहे. वडगाव-शहापूरला मागावर बसलेला विणकर तर रिक्षानं जाण्याइतका जवळ. शिक्का कशाला, जाऊन तोंडच बघा त्याचं. तुमच्या वसाहतीतली दहा घरं धरा, पावसाच्या आधी पैसे गोळा करा, एक कारागीर धरा, भाव आणि तारीख कागदावर लिहा. छाट करायची तर छाटलेला माल त्यालाच परत द्या, निम्म्या भावात स्वतः ठेवू नका. पोस्टर मराठीत की कन्नडमध्ये असंही विचारलंय तुम्ही. त्या भानगडीत पडूच नका, पोस्टर लागणारच नाही.

प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीचं नाव तुमच्या प्रश्नावर दोघातिघांनी काढलंय. २०२५ मध्ये मिलानला त्यांनी आपली चप्पल नाव न घेता मिरवली, बोंबाबोंब झाली, मग लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, दोन हजार जोड्या, जोडीला आठशे युरोच्या आसपास. चांगलंच झालं. पण आषाढात उचल कोण देणार, हा प्रश्न मिलानहून सुटणार नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूनंही सांगायला हवं. सगळे व्यापारी आमच्या दुकानासारखे नसतात. न खपलेल्या मापांचा माल व्यापाऱ्याच्याच गळ्यात पडतो, गोव्याचे दुकानदारही त्याला महिनोन्‌महिने टांगून ठेवतात, हे भाऊजींचं म्हणणं खोटं नाही. आमच्या भिशीनं एका घराचं झालं, गावाचं नाही. आगाऊ दिलेले पैसे बुडूही शकतात, म्हणून बुडाले तर संसार हलणार नाही एवढेच द्या. आणि कातडं मिळणंच दिवसेंदिवस अवघड झालंय, त्यावर तुमच्या-माझ्या खरेदीचा काही इलाज नाही.

पुतण्या हे भाऊजींना वाचून दाखवणारच, म्हणून त्यांच्यासाठी. भाऊजी, माणसं उपाशी मेली नाहीत. त्या घरातल्या मुलीनं यंदा चिकोडीत कॉलेजला नाव घातलंय. आणि भिशीची वही माझ्याकडं आहे, उचल, भाव, जोड्या सगळं तारीखवार लिहिलेलं. तुमची वही घेऊन या, शेजारी शेजारी ठेवून बघू.